पाखडणी आणि पातळ बासुंदी

लग्नाच्या रेकॉर्डिंगमध्ये भटजी एकाएकी गप्प झाले आणि उजूआत्या बोलायला लागली, तिथून हा सगळा घोळ सुरू झाला.

गणपतीचे दिवस होते. सांगलीत गार्गी साखवळकरच्या घरी सगळं गोत जमलं होतं. आरती झाली, मोदकांवर तुटून पडणं झालं, आणि सुस्तावलेल्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, "गार्गे, तुझं ते नवीन यंत्र दाखव की!" गार्गी त्याचीच तर वाट बघत होती. कौतुक कुणाला नको असतं?

गार्गीचं काम मास्टरिंगचं. गाणं गाऊन झालं, वाद्यं वाजवून झाली, सगळं एकत्र मिसळून झालं, की लोकांपुढे जाण्याआधी त्याच्यावर शेवटचा हात फिरवायचा. बाबा सगळ्यांना सांगायचे, "आमची मुलगी गाण्यांना इस्त्री करते." फारसं चुकीचं नव्हतं ते.

"हे बघा," टीव्हीला लॅपटॉप जोडत तिने सुरुवात केली. "रेकॉर्डिंगला दोन वाटा असतात, डावी आणि उजवी. दोन कानांसाठी दोन. लग्नात भटजींचा माइक दोन्ही वाटांवर सारखाच जातो, म्हणून तो आपल्याला बरोबर मधोमध ऐकू येतो. कोपऱ्यात कुणी बोललं, तर ते एका वाटेवर जास्त जातं आणि दुसरीवर कमी. आता मला सांगा, डावीतून उजवी वजा केली तर काय होईल?"

"काय होईल?" पम्मीकाकूने विचारलं. पम्मीकाकू म्हणजे गार्गीच्या धाकट्या काकांची बायको.

"जे दोन्हीकडे सारखं, ते शून्य! भटजी गायब. मग उरतं ते फक्त बाजूचं. आम्ही गाण्यांत हे रोज करतो. दोन्ही वाटांची बेरीज म्हणजे मधला आवाज, वजाबाकी म्हणजे बाजूचा. मिड आणि साइड. मधल्यातली गायिका जरा पुढे आणायची, बाजूची झांज जरा उजळायची आणि दोन्ही परत जोडून टाकायचे. पण बाजूचा नुसता गलका असतो. त्यातला एकेक आवाज सुटा करता येत नव्हता. माझी पाखडणी तो सुटा करते."

पाखडणी हे त्या प्रोग्रॅमचं नाव. कोपऱ्यातला प्रत्येक आवाज एका माइकपाशी किंचित आधी पोचतो, दुसऱ्यापाशी किंचित नंतर. त्या एवढ्याशा फरकावरून पाखडणी आवाजाची जागा हेरायची, माणसाच्या गळ्याची ठेवण ओळखायची आणि सुपात धान्य पाखडावं तसे आवाज वेगळे करून द्यायची. गार्गीने ती केली होती जुन्या मैफिलींसाठी, लोकांच्या खोकल्याखाली दबलेली सारंगी वर काढायला. पण घरच्यांना सारंगीचं काय? तिने काकूच्या मुलीच्या, सायलीच्या लग्नाचं रेकॉर्डिंग लावलं.

आंतरपाट धरलेला. भटजी मंगलाष्टकांत रंगलेले. गार्गीने बटण दाबलं आणि भटजींचं नुसतं तोंड हलायला लागलं. पोरं टाळ्या पिटायला लागली. तेवढ्यात डाव्या बाजूने स्वच्छ, खणखणीत आवाज आला:

"आत्ताच मुदपाकखान्यात चाखून आले बाई! त्या बासुंदीला म्हशीने नुसतं लांबून पाहिलेलं दिसतंय!"

हशा पिकला. खोटं कशाला बोला, स्वतः काकूही पहिल्यांदा हसली. मग तो आवाज कुणाचा हे तिच्या ध्यानात आलं आणि ती हसायची थांबली. सगळ्यांच्या नजरा खांबाला टेकून बसलेल्या उजूआत्याकडे वळल्या. उजूआत्या ही गार्गीच्या बाबांची बहीण. तिच्या हातातला मोदक हातातच राहिला.

"आचाऱ्यावर भरवसा नव्हता म्हणून सकाळपासून मी उभी होते त्या कढईपाशी," काकू उठत म्हणाली. "वन्सं, तोंडावर तरी सांगायचं होतंत."

त्या दिवसापासून उजूआत्या कुठल्याही कार्याला गेली नाही.

आता ही उजूआत्या काय चीज होती, ते तुम्हाला सांगायला हवं. तिच्याशिवाय साखवळकरांचं कुठलं लग्न लग्नासारखं वाटायचंच नाही. भिंतीकडेची खुर्ची पकडायची, शेजारी दोन-चार बायका जमवायच्या आणि नवरदेवाच्या फेट्यापासून व्याह्यांच्या चालीपर्यंत एकेकाची अशी काही खिल्ली उडवायची की बायकांच्या डोळ्यांतलं पाणी खळायचं नाही. पण मनात काडीचं वाईट नाही. जिला नावं ठेवली, तिच्याच मुलीच्या पाठवणीला सगळ्यात मोठ्याने रडणारही हीच. लहानपणी गार्गी तिच्या मांडीवर बसून हे सगळं ऐकायची. मांडवाच्या मध्ये काय चाललंय त्याहून कडेला काय चाललंय ते जास्त मजेचं असतं, हे गार्गीच्या कानांना आत्याने शिकवलं होतं. आणि त्याच कानांनी आत्याला गप्प करून टाकलं होतं.

बरं, प्रकरण घरापुरतं राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पाखडणी पुण्यातल्या एका कंपनीने घेतली आणि बघता बघता ती ज्याच्या त्याच्या फोनवर आली. सारंगी कुणी शोधली नाही. लोकांनी कपाटांतून, माळ्यांवरून आपापल्या लग्नांची रेकॉर्डिंगं काढली आणि भटजींना वजा करायचा सपाटा लावला. आपल्या लग्नात मामा आपल्याला काय म्हणाला होता, नणंदेने शालूवर काय शेरा मारला होता, सगळं बाहेर! ज्यांची लग्नं होऊन पोरंबाळं मोठी झाली होती, ते आता रुसायला लागले. विट्याच्या एका जावयाने तर सासऱ्याच्या साठीला जायचं नाकारलं. का? तर म्हणे तेव्हा सासरा मांडवात म्हणाला होता, "मुलगा जरा बावळट आहे, पण नोकरी बरी आहे."

मग लोक शहाणे झाले. लग्नाला जायचं ते ओठ शिवून. काही बिलंदर तर कॅमेऱ्याजवळ जाऊन मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "वा, वा! काय ती सजावट! काय तो मसालेभात!" आणि गुपचूप जेवून घरी जायचे.

हा बदल गार्गीला सगळ्यात आधी कळला तो स्टुडिओत. लग्नांची रेकॉर्डिंगंही तिच्याकडे यायची. एकदा असंच एक आलं. ऐकायला स्वच्छ होतं, पण निर्जीव. तिने मधला आवाज बंद केला आणि नुसती बाजू ऐकली. पंखा, बांगड्या, वाट्या-चमचे. बाजूचा आवाज वाढवून पाहिला, तर पंखाच मोठा झाला. पुढच्या लग्नाचं तेच. त्याच्या पुढच्याचंही तेच. माणसांनी भरलेली कार्यालयं, आणि कडेला पंख्याशिवाय कुणी बोलतच नव्हतं. गार्गीने हेडफोन काढून ठेवले. हे आपण केलं, असं तिला लख्ख वाटलं.

आणि अशात तिचं स्वतःचं लग्न ठरलं.

नवरा मुलगा नचिकेत. शाळेत भूगोल शिकवायचा. हसरा, पण बोलायला अंमळ कमी. तो म्हणाला, "आपण रेकॉर्डिंगच नको करूया." गार्गी म्हणाली, "फोन काय काढून घेणार आहेस सगळ्यांचे?" आईने मात्र मुद्द्यालाच हात घातला. "साड्यांचं मागून बघू. आधी तू उजूताईंना घेऊन ये. त्या नसतील तर मला ते लग्न वाटायचं नाही."

गार्गी तासगावला गेली. आत्या ओसरीत शेंगा फोडत बसली होती. तिने चहा केला, लाडू दिला, नचिकेतची चौकशी केली, पण एका शब्दाने कुणाची टिंगल केली नाही. गार्गीला ते बघवेना.

"आत्या, तू लग्नाला यायचंस."

"आशीर्वाद आहेत माझे. इथूनच देईन."

"इथून नको. तू खुर्चीत बसून सगळ्यांना नावं ठेवायला हवीस. मी चुकले गं. सगळ्यांसमोर शायनिंग मारायला गेले आणि तुला तोंडघशी पाडलं. माझ्या लग्नात तू नाही बोललीस तर ते लग्न मला आयुष्यभर मुकं वाटेल."

आत्याने शेंगांची परात बाजूला सारली. "तू काय चुकलीस? जे बोलले ते मीच बोलले. पण कोपऱ्यातलं बोलणं कोपऱ्यात राहिलं की त्याची गंमत असते गार्गे. ते चव्हाट्यावर आलं की त्याचा दंश होतो. पम्मी त्या दिवशी कशी बघत होती माझ्याकडे! आता मला तोंड उघडायचीच धास्ती वाटते."

"त्याच्यावर उपाय आहे माझ्याकडे," गार्गी पुढे सरसावली. "मी सगळं एकाच माइकवर घेते. कार्यालयाच्या दारात फोन जमा करायची पेटी ठेवते. एकच माइक म्हणजे डावी आणि उजवी वाट अगदी सारखी. सारख्यातून सारखं वजा केलं की हाती काय लागणार? काही नाही! बाजूच उरत नाही. पाखडणीने डोकं आपटलं तरी तुझा शब्द सुटा होणार नाही. तू खुशाल बोल."

तिला वाटलं, आत्या खूश होईल. आत्याच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे मी बोलायचं, आणि तू ते दडवून ठेवायचं? मी काय चोरी करायला येणार आहे?" तिने शेंगांची परात पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "ते तुझं बेरजेचं आणि वजाबाकीचं परत सांग बघू. मधल्या आवाजात काय जातं?"

"जे दोन्ही वाटांवर सारखं पोचतं ते."

"म्हणजे सगळ्यांना सारखंच ऐकू जातं ते?"

"तसंच म्हण."

"आणि तुझी पाखडणी ते फेकून देते. ते कुणी चोरून ऐकायला जात नाही."

"चोरून कशाला ऐकतील? ते उघडच असतं की."

उजूआत्याने एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि गणपतीनंतर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत ती जुनी मिश्कील चमक आली. "पम्मी म्हणाली होती, तोंडावर सांगायचं. मग मला त्या मधल्या आवाजातच घाल. फोनची पेटीबिटी काही नको. येते मी लग्नाला."

"पण करणार काय आहेस तू?"

"तू आपला चांगला माइक लाव. आणि पम्मीला सांग, बासुंदी तिनेच करायची. दुसऱ्या कुणाच्या हातची मी खाणार नाही."

गार्गीने निरोप पोचवला. काकूने तो ऐकून घेतला आणि फक्त एवढंच विचारलं, "दूध कुणाकडून आणायचं ठरवलंय?" त्यावरून काय समजायचं ते गार्गीला समजेना.

लग्नाचा दिवस उजाडला. कार्यालय माणसांनी फुलून गेलं होतं आणि तरी आतल्या गोंगाटाला कुणी झाकण ठेवल्यासारखं वाटत होतं. लोक यायचे, हसायचे, मान हलवायचे आणि खुर्चीत बसून समोर बघायचे. गुरुजींनी आंतरपाट धरायला सांगितला. पांढऱ्या कापडाच्या अलीकडे गार्गी, पलीकडे नचिकेत. तिला काही दिसत नव्हतं, म्हणून ती ऐकत होती. मध्ये गुरुजी. डावीकडे पंखा. उजवीकडे कुणाच्या तरी बांगड्या. बाकी काही नाही. हेच का आपलं लग्न?

"आणखी कुणाला मंगलाष्टक म्हणायचं आहे का?" गुरुजींनी विचारलं.

आता ही आपल्याकडची जुनी हौस. आत्या, मावशा, माम्या घरच्यांची नावं वृत्तात कोंबून मंगलाष्टकं रचतात आणि माइक हातात आला की सोडत नाहीत. पण पाखडणी आल्यापासून तेही आटलं होतं. कुणी हललं नाही. मग भिंतीकडची एक खुर्ची करकरली.

उजूआत्या मोरपंखी पैठणी सावरत पुढे आली. माइक घेतला, दोनदा फुंकर मारली, तोंडाशी धरला आणि सूर लावला. म्हणजे सूर कुठे होता आणि ती कुठे होती, हा भाग सोडून द्या. आवाज मात्र चारी कोपऱ्यांत पोचला.

"मी आत्या, मज जीभ तीख दिधली, देवासही ठाउके..."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. आत्या थांबली नाही.

"बासुंदी दिसली जराच पतळी, पम्मी, तरी गोड ती..."

सगळ्यांच्या माना एकदम काकूकडे वळल्या. काकू अक्षतांचं ताट घेऊन पहिल्या रांगेत उभी होती. गार्गीने राहवेना म्हणून आंतरपाटाच्या कडेने मान काढून पाहिलं. गुरुजी पुटपुटले, "अहो, बघायचं नसतं!" पण गुरुजीही तिकडेच बघत होते. काकूचा चेहरा आधी लाल झाला. मग तिने ओठ घट्ट मिटले. मग ते ओठ थरथरायला लागले, आणि काही केल्या तिला हसू आवरेना. तिचे खांदे गदगदले आणि ताटातल्या अर्ध्या अक्षता खाली सांडल्या.

"दादा रे, तव कोट तंग बसला, घेऊ नको श्वास तू..."

ऐन वेळी गार्गीच्या बाबांनी हसायला म्हणून श्वास घेतला आणि कोटाचं मधलं बटण टप्पकन उडून व्याह्यांच्या पायाशी पडलं. आता मात्र कुणालाच धीर धरवेना. त्या हलकल्लोळातून आत्याने पदर खोचला आणि शेवटची ओळ ठणकावली:

"ओठांना कुलपे नकोत असली, बोला, हसा, मंगलम्!"

काय ते कार्यालय दणाणलं! गुरुजी सावधान म्हणायचं विसरले. अक्षता वेळेआधीच उडाल्या. नचिकेतच्या मामांनी माइक हिसकावला आणि आपल्या भाच्याच्या आळसावर तिथल्या तिथे एक कडवं रचलं. ते कुठल्याही वृत्तात नव्हतं, पण मागणी झाली म्हणून दोनदा म्हणावं लागलं. आंतरपाट दूर झाला तेव्हा समोर नचिकेत पोट धरून हसत होता. हार घालताना गार्गीचे हात हसण्याने हलत होते. आणि कडेने, चारही कडांनी, लोक बोलत होते. फेट्यावर, शालूवर, उकाड्यावर, एकमेकांवर. ज्याला काही खोचक सुचायचं, तो ज्याच्याबद्दल सुचलं त्याच्याकडेच उठून जायचा आणि सांगून यायचा. "तुमचा फेटा बघून मला आमचा गॅसचा फुगा आठवला हो!" "आणि तुम्हाला बघून मला तुमचं राहिलेलं आहेराचं पाकीट आठवलं!" गार्गीचे कान तृप्त झाले. असली भरगच्च बाजू तिने किती तरी महिन्यांत ऐकली नव्हती.

पुढे ते मंगलाष्टक फोनाफोनी गावोगाव गेलं. घरोघरच्या आत्यांना आणि मावशांना पुन्हा कंठ फुटला आणि मांडवात खोचक बोलायचं ते माइकवर, वृत्तात आणि तोंडावर, अशी रीतच पडून गेली. पाखडणीचं काय झालं? ती आहे अजून. गार्गी तिच्यातून सारंग्या शोधते. पण हे सगळं मागाहूनचं. त्या दिवशी अजून एक गोष्ट व्हायची होती.

पंगत बसली. नवरा-नवरीच्या शेजारचं पान आत्याचं. सगळं वाढून झालं तरी बासुंदीची वाटी रिकामीच होती. मग काकू आली. तिच्या हातात पितळी गंज होता, त्यावर साय जाड बसली होती. तिने आत्याच्या वाटीत बासुंदी ओतली. ती पडायलाच वेळ लागला.

"घ्या वन्सं," काकू म्हणाली. "चाखा."

आजूबाजूच्या पानांवरचे हात थांबले. मांडवातला गलका हळूहळू विरला. आत्याने बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले. मग वाटीच तोंडाला लावली. गार्गी तिच्याकडे टक लावून बघत होती. काकूही बघत होती आणि तिने गंज छातीशी घट्ट धरला होता.

आत्याने ओठ पुसले आणि हात लांब केला.

"माइक आणा."

माइक आला. हातोहात, पानांवरून, वायर ताकाच्या वाटीत बुडवत आला. आत्याने त्यावर दोनदा टकटक केलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"मंडळी, ऐका हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सगळ्या मांडवाला सारखा ऐकू गेला. "या खेपेला म्हैस मांडवात आली आहे!"

दोन्ही बाजूंच्या पंगती उसळल्या. काकूने डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं आणि वन्संच्या वाटीवर गंज पुन्हा तिरका धरला.

"मग वाढू का अजून?"

"वाढ की! विचारतेस काय?" उजूआत्या म्हणाली.